पावणेदोनचा फोन

गेल्या महिन्यात धुळ्याला भाचीकडे गेले होते. तिची कॉलेजात जाणारी मुलगी मला हौसेने कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेली. कॉम्प्युटरच्या काचेवर ओळींमागून ओळी उमटत होत्या.

"आजी, आत्ता इथे चाळीस माणसं गप्पा मारताहेत."

"कोण कोण आहेत?"

"काय माहीत! इथे कुणी खरं नाव लिहीत नाही. तीच तर गंमत."

तिनेही स्वतःसाठी कुठल्याशा फुलाचे नाव घेतले होते. तेवढ्यात कुणीतरी तिला इंग्रजी अक्षरांत विचारले, 'एकटीच आहेस का?' ती हसली आणि उत्तर लिहू लागली. मी तिला मनगटाला धरून उठवले. रिक्षात ती घर येईपर्यंत फुगून बसली होती.

"आजी, तो मला ओळखतसुद्धा नाही," ती म्हणाली.

"म्हणूनच," एवढेच मला बोलता आले.

तो प्रश्न मी पूर्वी ऐकला होता. १९८९ साली, अमळनेरला, माझ्या स्वतःच्या घरात. त्या वर्षाबद्दल लिहायचे तर कुंदाबाई बिऱ्हाडे यांच्याबद्दल लिहावे लागते, आणि ते मी दहा वर्षे टाळले आहे.

कुंदाबाई मूळच्या पहूरच्या. वडील उखर्डू दुसऱ्यांच्या शेतात राबत. बाबासाहेबांचा फोटो आणि शाळेचे दप्तर या दोनच गोष्टी घरात उंचावर ठेवलेल्या असत, असे त्या सांगत. मॅट्रिक होऊन १९७१ साली त्या टेलिफोन खात्यात लागल्या आणि आमच्या गावच्या एक्सचेंजमध्ये बोर्डावर बसल्या. तेव्हा फोनला आकडे फिरवायची चकती नव्हती. रिसीव्हर उचलला की त्यांचा आवाज यायचा, "नंबर?" आपण नंबर सांगायचा, त्या जोडून द्यायच्या. आमचा नंबर सत्तेचाळीस. पण मी कुणाचा नंबर कधी सांगितलाच नाही. "कुंदाताई, जरा डॉक्टरांकडे द्या," म्हटले की पुरे. "अक्का, डॉक्टर दवाखान्यात नाहीत, जेवायला घरी गेलेत. घरी देऊ?" हे त्यांना ठाऊक असायचे.

बोलणे संपले की रिसीव्हर ठेवण्याआधी त्याच्या खालची खटकी दाबायची अशी पद्धत होती. त्याने त्यांच्या बोर्डावरचा दिवा लुकलुकायचा आणि त्या जोडणी काढायच्या. प्रत्येकाची खटकी दाबायची रीत वेगळी. कापसाचे व्यापारी देवचंदशेठ पाच-सहा वेळा खडखडवत. आमचे वकीलसाहेब, म्हणजे माझे यजमान, दोनदा दाबत, मध्ये थोडे थांबून. त्यांचे पाहून मीही तसेच करू लागले. कुंदाबाईंना दिवा पाहूनच माणूस कळायचा.

गावाला त्यांचा आवाज माहीत होता, चेहरा फार थोड्यांना. फोनवर त्यांना "ताई, ताई" करणारे देवचंदशेठ बाजारात समोरासमोर आले की त्यांच्या अंगावरून पुढे निघून जात. मी देवचंदशेठांना नावे ठेवते आहे, पण माझेही सांगायला हवे. अठरा वर्षांत मी त्यांना एकदाही घरी चहाला बोलावले नव्हते. का नाही, हे मी स्वतःला विचारले नव्हते, कारण उत्तर मला माहीत होते.

१९८६च्या मार्चमध्ये भर दुपारी वकीलसाहेबांच्या छातीत कळ आली. मी रिसीव्हर उचलला आणि मला शब्दच फुटेना. नुसते "कुंदाताई" म्हटले. त्या म्हणाल्या, "अक्का, ठेवू नका. मी आहे." तीन ठिकाणी विचारून त्यांनी डॉक्टरांना एका पेशंटच्या घरून शोधून काढले, आणि डॉक्टर दारात येईपर्यंत माझ्याशी बोलत राहिल्या. "पाय चोळा त्यांचे. खिडकी उघडा. मी आहे हं." वकीलसाहेब गेले. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी लिहिले आहे: 'कुंदाबाई अकरा मिनिटे लाइनवर.'

रोजनिशीची सवय मला पुण्याच्या कॉन्व्हेंटातली. तिथल्या सिस्टर म्हणत, काय वाटले ते लिहू नका, काय केले ते लिहा, वेळेसकट. तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. म्हणजे, पाच ओळी सोडून.

८९च्या फेब्रुवारीत ऑटोमॅटिक एक्सचेंज आले. चकतीचे नवे फोन आले, पेढे वाटले गेले. आता धुळ्यालाही थेट फोन लागू लागला, मध्ये कुणी नाही. कुंदाबाईंना तक्रारीच्या काउंटरवर बसवले. देवचंदशेठ खूश होते. "बरं झालं अक्का, आता आपलं बोलणं आपल्यापाशी."

जूनमध्ये पहिला फोन आला. मी "हॅलो" म्हटले. पलीकडे श्वास. पुन्हा "हॅलो." श्वासच. आठवडाभर तेवढेच. दुसऱ्या आठवड्यात तोंडावर फडके धरल्यासारखा आवाज आला. बाईचा की पुरुषाचा, कळेना.

"एकट्याच आहात का?"

मी रिसीव्हर ठेवला आणि तशीच उभी राहिले. घरात मी खरेच एकटी होते. कामाला येणाऱ्या बेबाबाई अकरालाच जात.

चार दिवसांनी तोच आवाज म्हणाला, "मागच्या दाराची कडी लावा. लटकतेय." मी जाऊन पाहिले. कडी लटकत होती.

त्या दिवसापासून मी धान्याची कोठी ढकलत नेऊन मागच्या दाराला लावली. परसात कपडे वाळत घालणे सोडले. समोरच्या गच्चीवर कुणी उभे दिसले की खिडकी ओढून घ्यायची. दूधवाला, पेपरवाला, शेजारचे पेन्शनर, प्रत्येकाच्या तोंडापुढे मी मनातल्या मनात फडके धरून बघे. सगळेच त्या आवाजात बसत. फोन वाजला की भीती वाटायची, आणि वाजला नाही तर अधिकच. येणाऱ्या प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ मी लिहून ठेवत होते. बेबाबाईंना एकदा म्हटले, तुम्ही उचला, तर त्या हात मागे घेऊन म्हणाल्या, "नका बरं अक्का! माले भ्याव लागस. तुम्हीच उचला."

मी एकटीच नव्हते. वाचनालयात, देवळात, डॉक्टरांकडे तोच विषय. कुणाच्या सुनेला घाण शब्द ऐकवले, कुणाला "तुझा नवरा कुठे बसलाय माहीत आहे का" म्हणून विचारले. रस्त्यात नमस्कार करणारी, मान खाली घालून चालणारी माणसेच हे करत होती, कारण गावात दुसरी माणसे नव्हतीच. लोक एकमेकांशी बोलताना आता तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघत, आवाज ओळखू येतो का म्हणून.

ऑगस्टमध्ये कहर झाला. हायस्कुलातल्या लीलाधर सरांच्या मुलीचे धुळ्याला ठरले होते. सात तारखेला, सोमवारी, सकाळी सव्वाअकराला मुलाच्या घरी फोन गेला. मुलीला फिट येतात, लपवले आहे, असे सांगून ठेवून दिला. फोन आमच्याच गावातून होता, कारण बोलणाऱ्याने मुलीच्या घरातल्या गोष्टी सांगितल्या. साखरपुडा मोडला. मुलीला कसल्याही फिट येत नव्हत्या.

मग गावाला उत्तर सापडले. बेबाबाईंनी ते भांडी घासता घासता मला सांगितले. "बठ्ठं गाव म्हनस, अक्का, कुंदानंच काम शे. तिनी बठ्ठासनं ऐकेल शे ना इतला वरीस!"

खरेच की. इतकी वर्षे सगळ्यांचे बोलणे त्यांनीच तर ऐकले होते. गावाची गुपिते आणखी कुणाला माहीत? ज्या कानांनी माझे अकरा मिनिटांचे रडणे ऐकले, त्याच कानांची मला भीती वाटू लागली. मी घरात एकटी आहे का, हे विचारणाऱ्याला माझे सगळे ठाऊक होते. त्यांनाही माझे सगळे ठाऊक होते.

सप्टेंबरच्या चार तारखेला दुपारी श्वासाचा फोन आला. तो ठेवल्या ठेवल्या मी कुंदाबाईंच्या क्वार्टरचा नंबर फिरवला. विचार असा की लाइन एंगेज लागली तर त्याच. एंगेज लागली नाही. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलले.

"हॅलो?"

आता काय बोलणार? मी गप्प.

"हॅलो, कोण? ... बोला ना." मग आवाज बारीक झाला. "हे बघा, मी कुणाचं काही केलेलं नाही. माझे मालक आजारी आहेत. का त्रास देता?"

तो भक्कम आवाज थरथरत होता. मी रिसीव्हर ठेवला. घड्याळात पावणेदोन झाले होते. आणि जे मला लिहायला सर्वांत कठीण जाते ते हे, की तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी त्या दिवशी मागच्या परसात जाऊन कपडे वाळत घातले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भीती दाटून आली. पावणेदोनला, त्या जेवायला घरी येतात त्या वेळी, मी पुन्हा नंबर फिरवला. असे पाच दिवस. रोजनिशीत चार सप्टेंबरपासून आठपर्यंत त्या वेळेची ओळ नाही. स्वयंपाक आहे, पत्रे आहेत, पाऊस आहे.

पुढच्या आठवड्यात देवचंदशेठ घरी आले. रविवारी, सतरा तारखेला, वाचनालयाच्या हॉलमध्ये घरी फोन असलेल्यांची बैठक होती. कुंदाबाईंना निलंबित करावे असा अर्ज करायचा होता.

"सही तर तुमची पाहिजेच अक्का. आणि ती तुमची वहीपण घेऊन या. तारीख-वेळ सगळं आहे ना तुमच्याकडे? साहेब लोक असं लिहिलेलं मानतात."

"पण तिनेच केलं असं..."

"मग काय तुम्ही केलं? का मी केलं?" ते हसले. मीही हसले.

शनिवारी दुपारी दार वाजले. फटीतून पाहिले. कुंदाबाई. पन्नाशी जवळ आलेली, सुती पातळातली, बारीक चणीची बाई. इतक्या जवळून याआधी मी त्यांना फक्त काउंटरच्या जाळीपलीकडे पाहिले होते. चपला बाहेर काढून त्या उंबऱ्याशीच थांबल्या.

"आत या ना," मी म्हटले.

"इथंच बरं आहे अक्का. एकच काम होतं. सात ऑगस्टला तुम्ही ऑफिसात आल्या होत्या. वकीलसाहेबांच्या नावावरचा फोन तुमच्या नावावर करायला. आठवतं?"

मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

"अकरा ते बारा तुम्ही माझ्यासमोर बसल्या होत्या. फॉर्म मी भरला, तुम्ही सही केली. सव्वाअकराला मी कुणालाही फोन केला नाही, हे पाहिलेलं माणूस एकच आहे. तुम्ही. हजेरीपुस्तक दाखवलं तर म्हणतात, फोन काउंटरच्या मागेच आहे. उद्या तुमच्या वहीतली तेवढी ओळ वाचून दाखवा. मालकांना दमा आहे, घरात पगार माझा एकटीचा. क्वार्टर गेलं तर आम्ही कुठं जायचं?"

मला आठवत नव्हते असे मी म्हणणार नाही. लीलाधर सरांनी सव्वाअकरा म्हटले तेव्हाच माझ्या डोळ्यांसमोर ती जाळी आली होती. मी ती बाजूला सारली होती.

तेवढ्यात फोन वाजला. आम्ही दोघीही दचकलो. मी उचलला. देवचंदशेठ होते. उद्या चारला, विसरू नका. "बरं," म्हणून मी ठेवला. ठेवण्याआधी बोट आपसूक खटकीवर गेले. टक. थोडे थांबून, टक.

मान वळवली तर कुंदाबाई माझ्या हाताकडे बघत होत्या.

किती वेळ गेला ते या एका प्रसंगाचे मला सांगता येत नाही.

"गावात सगळ्यांची सवय गेली," त्या हळू म्हणाल्या. "तुमची नाही गेली."

मी हात फोनवरून काढून घेतला.

"मला मागे पाच दिवस पावणेदोनला फोन यायचा. बोलत कुणी नव्हतं. ठेवताना टक, थोडं थांबून टक. पहिल्या दिवशी मला वाटलं, भास झाला. वकीलसाहेबांची आठवण आली." त्यांनी पदराने तोंड पुसले. "ऑफिसातल्या साहेबांना मी एवढंच सांगितलंय की मलाही फोन येतात. कुणाचा ते सांगितलं नाही. नोकरीला लागताना सही केली आहे, लाइनवरचं बाहेर काढणार नाही म्हणून. नाही काढणार."

त्या चपला घालून निघून गेल्या. वहीतल्या ओळीचे पुन्हा त्यांनी काढले नाही.

त्या संध्याकाळी मी कडीकडे फिरकलेही नाही. बाहेरून कुणी येईल याची भीती उरली नव्हती. वही उघडली. 'सोमवार, ७ ऑगस्ट. ११ ते १२.१० टेलिफोन ऑफिस. नाव बदलण्याचा फॉर्म. कुंदाबाईंनी भरला.' ओळ जागेवर होती. ही ओळ वाचायची आणि गप्प बसायचे, असे मी ठरवले. तेवढ्याने त्यांचे काम होणार होते.

रविवारी हॉलमध्ये तीसेक माणसे होती. कुंदाबाई मागे, दाराजवळ, एकट्या बसल्या होत्या. शेजारच्या चार खुर्च्या रिकाम्या. मी उभी राहून ओळ वाचली. तारीख आणि वेळ ऐकून कुजबुज झाली. लीलाधर सर मान वर करून माझ्याकडे बघू लागले.

देवचंदशेठ मात्र हटले नाहीत. "तुम्ही साध्या आहात अक्का. त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडून करवला असेल. बाई खोटारडी आहे याचा पुरावा देतो. तिच्या साहेबांना सांगते, मलाही असे फोन येतात! आता सांगा, हिला कोण करणार? हिच्याकडे काय ठेवलंय?"

लोक हसले. अर्ज पुन्हा पुढे सरकू लागला, पेन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेले. मी मागे पाहिले. कुंदाबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या जमिनीकडे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"ती खोटं बोलत नाही," मी म्हटले. "तिला फोन येत होते. चार ते आठ सप्टेंबर, दुपारी पावणेदोनला. ते मी केले."

फोनमध्ये असते तशी शांतता. श्वास तेवढे ऐकू येत होते.

लीलाधर सर उठून माझ्याजवळ आले. मवाळ माणूस, शाळेत कधी छडी न उचललेला. "अक्का," ते म्हणाले, "माझ्या मुलीचा फोन?"

"नाही, सर. तेव्हा मी ऑफिसात बसले होते. आत्ताच वाचलं ना."

"ती वही तुमचीच आहे," ते म्हणाले. "आणि त्या पाच दिवसांचं त्यात काय लिहिलंय?"

मी वही मिटली.

अर्जाचे मात्र काही झाले नाही. टेलिफोन ऑफिसातल्या फॉर्मवर माझी सही आणि त्या दिवसाचा शिक्का होता, तो साहेबांनी दुसऱ्या दिवशी काढून दाखवला. कुंदाबाई सुटल्या. त्या दिवसापासून गावाने माझ्याकडे बघणे सोडले. बेबाबाई काम सोडून गेल्या नाहीत, पण मी फोनकडे वळले की हातातले भांडे ठेवून बाहेर जाऊन उभ्या राहत.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. श्वास. मग फडक्याआडून तोच आवाज, पण आता त्यात हसू होते.

"आता तुम्ही पण आमच्यातल्याच."

एकवचन नव्हते ते. तोपर्यंत मी एकाच माणसाला भीत होते. तेव्हा कळले, एका माणसाला एवढे फोन करणे शक्यच नव्हते. भ्यालेले प्रत्येक घर दुसऱ्या कुणाचा तरी नंबर फिरवत होते आणि हलके होऊन कपडे वाळत घालत होते. तो आवाज कुणाचा, हे आजतागायत कळलेले नाही. हॉलमध्ये त्या दिवशी तो असणारच.

मी दाराला कुलूप लावून, डोक्यावरून पदर घेऊन, उन्हातून टेलिफोन ऑफिसात गेले. रस्त्यात एकदाही मान वर केली नाही. काउंटरच्या जाळीपलीकडे कुंदाबाई होत्या. मला घडलेले सांगता येईना. नुसते "कुंदाताई" म्हटले.

त्यांनी खालच्या फटीतून पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"पुन्हा आला?"

मी मान हलवली.

"तक्रार लिहून घेते. होणार काही नाही. या नव्या मशिनला कोण बोलतंय याची पर्वा नसते." त्यांनी कागद ओढला. नाव, पत्ता, नंबर मला न विचारता लिहिला. लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाल्या, "अक्का, भीती वाटली तर मला फोन करत जा. पावणेदोनला मी घरी असते. पण बोला. नाव सांगून बोला."

"तुम्ही मला माफ..."

"ते नाही विचारलं मी. सही करा इथं."

मी सही केली. चहाला या, असे मी त्या दिवशी म्हणाले. त्या तीन आठवड्यांनी आल्या, आणि आत येऊन बसल्या.

९४ साली त्यांची बदली धुळ्याला झाली. त्यांचे मालक आधारभाऊ तिथेच वारले. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. मुलीकडे राहतात, डोळ्यांनी कमी दिसते, कान अजून तल्लख आहेत. आठवड्यातून एकदा तरी मी फोन करते. अजूनही रिसीव्हर उचलताना भीती वाटते, कारण "मी" म्हणेपर्यंतच्या त्या एका क्षणात मला काहीही करता येण्यासारखे असते, हे मला ठाऊक आहे.

धुळ्याहून परत आल्यावरही केला. पावणेदोनला.

"नर्मदा बोलते, अमळनेरहून."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "काय झालं? आवाज का असा?"

मी कॉम्प्युटरच्या दुकानातले सांगितले. चाळीस माणसे, एकाचेही नाव नाही. त्या म्हणाल्या, "त्या मुलीला माझा नंबर देऊन ठेवा."

मी खटकी दोनदा दाबली आणि रिसीव्हर ठेवला. मग वही उघडली, ८९ची. चार सप्टेंबरच्या पानावर समासात जागा होती. लिहिले: 'दु. १.४५. कुंदाबाईंना फोन केला. बोलले नाही.' शाईचा रंग वेगळा दिसतो. पुढची चार पाने अजून व्हायची आहेत.